विझलेल्या ताऱ्यांची फुगडी

थंडीच्या दिवसांत रात्रीची जेवणे आटोपली की जरा अंगणात किंवा गच्चीवर या आणि मृग नक्षत्राच्या खालच्या अंगाला, आग्नेयेकडे नजर टाका. निळसर पांढऱ्या रंगाचा एक तारा तिथे लखलखताना दिसेल. तो व्याध. रात्रीच्या आकाशात त्याच्याहून तेजस्वी तारा दुसरा नाही. हजारो वर्षे माणसांनी तो पाहिला, त्याच्या गोष्टी रचल्या. परंतु व्याध एकटा नाही, त्याच्या सोबतीला कुणी आहे, हे मात्र फार उशिरा कळले.

बेसेल नावाच्या जर्मन ज्योतिर्विदाने व्याधाच्या जागेची वर्षानुवर्षांची मोजमापे तपासली, तेव्हा त्याला दिसले की हा तारा आकाशात सरळ रेषेने सरकत नाही, किंचित नागमोडी चालतो. अंधाऱ्या रात्री लांबवर एक कंदील चाललेला दिसतो आहे आणि तो सारखा इकडून तिकडे झोके खातो आहे, असे समजा. आपण काय म्हणू? कंदील धरणाऱ्याला कुणीतरी ओढते आहे, आणि ओढणारा काळोखात आहे. बेसेलनेही १८४४ साली हेच म्हटले. दोन वर्षांनी तो वारला. आपला तर्क खरा ठरलेला पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. ३१ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेत आल्व्हान ग्रॅहम क्लार्क हा भिंगे घडवणारा कारागीर साडेअठरा इंची नव्या भिंगाची परीक्षा घेत होता. त्याने दुर्बीण व्याधाकडे वळवली, आणि व्याधाच्या झगझगाटाशेजारी त्याला एक बारीकसा ठिपका दिसला. काळोखातला सोबती सापडला!

पण खरी गंमत पुढेच आहे. हा सोबती व्याधाला ज्या जोराने ओढतो, त्यावरून त्याचे वजन काढता येते. ते भरले जवळजवळ आपल्या सूर्याएवढे. मग तो इतका मिणमिणता का? थंड असेल म्हणावे, तर १९१५ साली वॉल्टर अ‍ॅडम्स यांनी त्याच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला आणि तो चांगला पांढरा तप्त निघाला. तप्त आहे आणि तरी मंद आहे, याचा अर्थ एकच: तो अगदी लहान आहे. किती लहान? आपल्या पृथ्वीएवढा. सूर्याचे सारे वजन पृथ्वीच्या आकारात कोंबलेले! त्यातला बोराएवढा तुकडा काढून तराजूत घातला, तर त्याचे वजन आठ-दहा टन भरेल. मालाने भरलेल्या ट्रकाएवढे. अशा ताऱ्यांना श्वेत बटू म्हणतात. वामनमूर्ती असली तरी भार केवढा, तो आपण पाहिलाच.

श्वेत बटू ही ताऱ्याची अखेरची अवस्था आहे. तारा जळतो म्हणजे त्याच्या पोटात हायड्रोजनचे हेलियम होत असते, पुढे हेलियमचे कार्बन आणि ऑक्सिजन होतात. हे इंधन संपले की आपल्या सूर्यासारखा तारा आधी फुगून तांबडा राक्षसी होतो, बाहेरची कवचे आकाशात सोडून देतो, आणि मागे उरतो तो त्याचा गाभा. तोच श्वेत बटू. आणखी सुमारे ५ अब्ज वर्षांनी आपल्या सूर्याचीही हीच गत होणार आहे. चुलीतला जाळ संपल्यावर निखारा उरावा, तसा हा निखारा. नवीन उष्णता निर्माण होत नाही. होती तेवढीच हळूहळू निवत जाते.

इथे तुम्ही विचाराल, की उष्णता संपत आली तर एवढ्या प्रचंड वजनाखाली हा गोळा आणखी चेपत का नाही? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे. नाटकाच्या थिएटरात एका खुर्चीवर एकच माणूस बसू शकतो. खालच्या खुर्च्या भरल्या की मागाहून येणाऱ्याला जिना चढून सज्जात जावे लागते. इलेक्ट्रॉनांचेही तसेच आहे. त्यांना दाटीने कोंबू लागलो की कमी ऊर्जेच्या जागा भरून जातात, आणि उरलेल्यांना जास्त ऊर्जेच्या, म्हणजेच जास्त वेगाच्या जागा घ्याव्या लागतात. हा वेग उष्णतेमुळे आलेला नाही, दाटीमुळे आलेला आहे. म्हणून तारा कितीही निवला तरी हा धक्का कमी होत नाही, आणि तोच ताऱ्याला तोलून धरतो. याचा एक चमत्कारिक परिणाम होतो: श्वेत बटू जितका वजनदार, तितका आकाराने लहान. पोत्यात धान्य ओतत जावे आणि पोते लहान होत जावे, असा हा उलटा प्रकार.

मग वजन वाढतच गेले तर? या प्रश्नाचे उत्तर आपल्या मुंबई बंदरातून निघालेल्या एका बोटीवर सापडले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १९३० च्या जुलै अखेरीस सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर हा एकोणीस वर्षांचा तरुण उच्च शिक्षणासाठी मुंबईहून इंग्लंडला निघाला. त्या प्रवासात आकडेमोड करताना त्याच्या ध्यानात आले, की फार दाटी झाली म्हणजे इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जातो, आणि मग त्यांचा धक्का वाढत्या वजनाला पुरा पडत नाही. म्हणजे श्वेत बटूच्या वजनाला एक कमाल मर्यादा आहे. आज ती सूर्याच्या वजनाच्या सुमारे १.४ पट मानतात. १९३५ च्या जानेवारीत लंडनच्या भर सभेत आर्थर एडिंग्टन यांच्यासारख्या मातबर शास्त्रज्ञाने ही कल्पना हास्यास्पद ठरवली. पण गणित खरे होते. १९८३ साली चंद्रशेखरांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही १.४ ची चंद्रशेखर-मर्यादा लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

एकटा श्वेत बटू अब्जावधी वर्षे निवत बसतो, एवढीच त्याची कथा. परंतु आकाशातले कितीतरी तारे जोडीने जन्माला येतात. जोडीतले दोघेही विझून श्वेत बटू झाले, आणि तेही एकमेकांच्या अगदी जवळ, तर काय होईल? मुली फुगडी घालतात ना, तशी ही फुगडी असते. हात हातात गुंफलेले, दोघी मागे रेललेल्या आणि गरगर फिरणाऱ्या. इथे हातांच्या जागी गुरुत्वाकर्षण. अशी पहिली निश्चित जोडी १९८८ साली जाहीर झाली. तिची एक फेरी सुमारे दीड दिवसाची होती. त्यानंतर तासांच्या फेरीच्या जोड्या सापडल्या, आणि मग मिनिटांच्या.

अशीच एक जोडी आपण नीट पाहू. तिचे नाव रुक्ष आहे: झेडटीएफ जे १५३९+५०२७. नावातले आकडे म्हणजे तिचा आकाशातला पत्ता. उन्हाळ्यात गच्चीवर आडवे झाल्यावर स्वातीचा नारिंगी तारा दिसतो, त्याच भूतप तारकासमूहात, पण स्वातीपासून बरीच उत्तरेला, ही जोडी आहे. अंतर सुमारे आठ हजार प्रकाशवर्षे. नुसत्या डोळ्यांनी ती दिसायची नाही. डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहूनही ती काही लाख पट मंद आहे.

मग ती सापडली कशी? कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावर ४८ इंची दुर्बीण आहे. तिला आता एक भला मोठा कॅमेरा जोडला असून तो रात्रीमागून रात्र आकाशाची छायाचित्रे घेत असतो. केव्हिन बर्ज या तरुण संशोधकाने असंख्य ताऱ्यांच्या प्रकाशाच्या नोंदी गणकयंत्रावर चढवल्या आणि कोणता तारा ठरावीक वेळाने मंद होतो याचा शोध सुरू केला. त्यात हा तारा हाती लागला. मग अ‍ॅरिझोनातल्या किट पीक येथील दुर्बिणीने त्याच्यावर नजर रोखली. आणि काय आश्चर्य! दर ६ मिनिटे ५५ सेकंदांनी ताऱ्याचा प्रकाश एकदम खाली येई आणि सुमारे अर्ध्या मिनिटाने पूर्ववत होई. जोडीतला एक जण दुसऱ्याच्या आड जात होता. ते ग्रहण होते. २०१९ च्या जुलैमध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. त्या वेळी ठाऊक असलेल्या ग्रहण दाखवणाऱ्या जोड्यांत ही सर्वांत वेगवान होती.

या ग्रहणांवरून आणि हवाई बेटावरच्या केक दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटांवरून दोघांची कुंडली मांडता आली. एकाचे वजन सूर्याच्या सहा-दशांश, दुसऱ्याचे एक-पंचमांश. वजनदार आहे तो लहान, हलका आहे तो त्याच्या दुप्पट मोठा. पोत्याचा तो उलटा हिशेब इथे प्रत्यक्ष दिसतो. लहानग्याचे तापमान ५०,००० अंशांच्या घरात आहे, त्यामुळे शेजाऱ्याची त्याच्याकडची बाजू सारखी भाजून निघते. दोघांमधले अंतर सुमारे ७८,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वी आणि चंद्र यांच्यामधल्या अंतराचा जेमतेम पाचवा हिस्सा. आणि एवढ्याशा रिंगणात दोघे एकमेकांभोवती सेकंदाला हजाराहून अधिक किलोमीटर वेगाने फिरतात. आकाशवाणीवरचे पंधरा मिनिटांचे भाषण संपेपर्यंत त्यांच्या दोन प्रदक्षिणा पुऱ्या होऊन तिसरी सुरू झालेली असते!

आता एक शंका घ्या. आपल्या सूर्याचाच व्यास १४ लाख किलोमीटर आहे. मग ७८,००० किलोमीटरच्या घरात दोन जिवंत तारे मावत तरी कसे असतील? मावत नव्हतेच. हे घर पूर्वी फार मोठे होते. जोडीतला एक तारा म्हातारपणी फुगला, इतका की त्याच्या फुगलेल्या अंगाने सोबत्यालाही पोटात घेतले. त्या विरळ वायूतून वाट काढताना सोबत्याला अडथळा झाला, दोघे जवळ ओढले गेले, आणि त्या घुसळणीत बाहेरचा वायू उधळून गेला. पुढे दुसरा तारा म्हातारा झाला आणि पुन्हा तोच प्रकार. अशा रीतीने टप्प्याटप्प्याने घर आकसले आणि दोन निखारे एकमेकांच्या अगदी निकट येऊन ठेपले.

इथपर्यंतची जवळीक वायूच्या अडथळ्याने झाली. तो वायू आता उरलेला नाही. दोन कठीण गोळे, भोवती पोकळी. मग आता त्यांनी अनंत काळ असेच फिरत राहायला काय हरकत आहे? पण ते तसे राहत नाहीत. मोजमाप असे सांगते, की दोघांमधले अंतर रोज सुमारे २६ सेंटिमीटरने कमी होते आहे. म्हणजे दिवसाला वीतभर, किंवा किंचित जास्त. हजारो प्रकाशवर्षे दूर असलेल्या, ठिपक्यासारख्याही धड न दिसणाऱ्या जोडीतले वीतभर अंतर माणसाने मोजले कसे?

युक्ती साधी आहे, आणि ती आपल्या रोजच्या अनुभवातली आहे. घड्याळ दिवसाला एक सेकंद पुढे जात असेल, तर एका दिवसात ते कळत नाही. दोन महिने त्याला हात लावू नका, मिनिटाचा फरक पडलेला दिसेल. चूक साठत जाते. या जोडीचे घड्याळ तर आणखी चमत्कारिक आहे, कारण त्याची चूकही वाढत जाते. तिच्या एका फेरीचा काळ वर्षाकाठी सेकंदाच्या सुमारे तेराशेव्या भागाने कमी होतो. एवढासा फरक कोण मोजणार? पण वर्षात ही जोडी ७६,००० फेऱ्या घालते. प्रत्येक फेरीत थोडे थोडे वाचत गेले की वर्षअखेरीचे ग्रहण अपेक्षेपेक्षा जवळजवळ अर्धा मिनिट आधी लागते. दहा वर्षांत हाच फरक पाऊण तासावर जातो. पालोमारच्या त्याच दुर्बिणीने दहाएक वर्षांपूर्वी घेतलेल्या आकाशाच्या जुन्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. त्या कामाला आल्या. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, ते हे असे.

तर मग प्रश्न असा: फेरी आखडते म्हणजे जोडीची ऊर्जा कुठेतरी गळते आहे. कुठे? इथे आइन्स्टाइन यांचा सिद्धांत पुढे येतो. कोणतीही वस्तू आपल्या भोवतालचे अवकाश किंचित वाकवते. आणि वजनदार वस्तू एकमेकींभोवती फिरू लागल्या की त्या वाकणाच्या लहरी चहूंकडे पसरतात. या गुरुत्वीय लहरी. त्या जाताना ऊर्जा घेऊन जातात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तेव्हाही अशा लहरी निघतात, पण किती? सुमारे २०० वॉट. घरातले शंभर वॉटचे दोन दिवे पेटतील एवढ्याच! म्हणून पृथ्वीच्या कक्षेची आपल्याला काळजी नको. पण या बटूंच्या जोडीचा हिशेब केला, तर लहरींतून जाणारी ऊर्जा आपल्या सूर्याच्या साऱ्या प्रकाशाच्या सुमारे वीस पट निघते. स्वतः विझलेल्या या जोडप्याकडून वीस सूर्यांएवढी ऊर्जा रात्रंदिवस बाहेर पडते आहे आणि डोळ्याला तिचा मागमूस नाही.

आता फुगडीकडे परत येऊ. मुली दमल्या की फुगडी मंदावते. ताऱ्यांचे उलट आहे. ऊर्जा गेली की ते एकमेकांच्या जवळ येतात, आणि जवळ आले की अधिक वेगाने फिरतात. आपल्या ग्रहमालेतच पाहा ना, सूर्याजवळचा बुध ८८ दिवसांत फेरी पुरी करतो, आणि लांबचा शनी साडेएकोणतीस वर्षे घेतो. जवळ याल तर पळावे लागेल, असा इथला कायदा. आणि जितके पळाल तितक्या लहरी जोराने निघतील, म्हणजे ऊर्जा आणखी लवकर जाईल. कर्जावर व्याज आणि व्याजावर पुन्हा व्याज चढावे, तशी ही घसरण आपोआप वाढत जाते. ज्या जोडीची फेरी तासांची आहे तिला अब्जावधी वर्षे हातात असतात. मिनिटांवर आलेल्या जोडीला काही लाख वर्षे.

ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. १९७४ साली हल्स आणि टेलर यांनी शोधलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोडीत अशीच फेरी आखडताना दिसली होती, आणि त्यासाठी त्यांना १९९३ चे नोबेल मिळाले. श्वेत बटूंच्या बाबतीत २०११ साली पावणेतेरा मिनिटांच्या फेरीची एक ग्रहण दाखवणारी जोडी सापडली. वर्षभरातच तिची ग्रहणे सुमारे ६ सेकंद आधी लागू लागली. आइन्स्टाइन यांचे गणित आणि ताऱ्यांचे घड्याळ एकमेकांशी जुळले.

पण गळतीवरून लहर ओळखणे वेगळे आणि प्रत्यक्ष लहर ऐकणे वेगळे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने दोन कृष्णविवरांच्या टकरीतून आलेली गुरुत्वीय लहर प्रथमच पकडली. तशीच एक वेधशाळा आपल्या महाराष्ट्रात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथाच्या परिसरात उभारायला केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. तेव्हा वाटेल की हिंगोलीला आपल्या या बटूंची फुगडीही ऐकू येईल. पण नाही. लायगोच्या कानाला सेकंदात दहापासून हजारांपर्यंत हेलकावे घेणारी लहर ऐकू येते. आपल्या जोडीची एक लहर पुरी व्हायला साडेतीन मिनिटे लागतात. इतका खर्ज सूर जमिनीवर ऐकणे अशक्य. वारा, समुद्र, आगगाड्या, जमिनीची बारीकसारीक थरथर यांत तो बुडून जातो. त्यासाठी अवकाशातच जायला हवे. युरोपच्या अवकाशसंस्थेने २०२४ च्या जानेवारीत लिसा या योजनेला अंतिम संमती दिली. तीन याने, एकमेकांपासून २५ लाख किलोमीटर अंतरावर, त्रिकोण करून सूर्याभोवती फिरणार आणि लेसर किरणांनी एकमेकांतले अंतर मोजत राहणार. २०३५ साली ती सोडण्याचा बेत आहे.

अशा यंत्राने काही ऐकले, तर ते खरे की यंत्राचाच दोष, हे कसे कळावे? गवई मैफलीआधी तंबोरा जुळवतो, तेव्हा षड्ज कसा लागला पाहिजे हे त्याला आधीच ठाऊक असते. लिसासाठी आपली जोडी हा असा ओळखीचा षड्ज आहे. तिचा काळ, तिची वजने, तिची जागा आपल्याला दुर्बिणीतून कळलेली आहे. यंत्र ठीक असेल तर काम सुरू झाल्यावर आठवड्याभरात तिचा सूर उमटलाच पाहिजे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आणि मग तिच्यामागून, दुर्बिणीला कधीच न दिसलेल्या हजारो जोड्या ऐकू येऊ लागतील.

हे सारे ऐकून कुणी विचारील, की दोन विझलेले निखारे एकमेकांभोवती फिरतात, त्यात आपले काय अडले आहे? अडले आहे, आणि फार मोठे अडले आहे. ते आता सांगतो.

फुगडीचा शेवट कसा होतो? आपल्या जोडीचा हिशेब असा, की सव्वा लाख वर्षांच्या आसपास तिची फेरी ५ मिनिटांवर येईल आणि हलक्या बटूच्या अंगावरचे द्रव्य वजनदार बटू ओढून घेऊ लागेल. कर्क राशीतल्या एका जोडीत आजच असे चालले आहे. तिची फेरी ५.४ मिनिटांची आहे. आपल्या जोडीतले दोघे मिळूनही सूर्याच्या वजनाहून कमीच भरतात, तेव्हा पुढे ते एक होतील किंवा एकाचे द्रव्य हळूहळू दुसऱ्याकडे जात राहील. पण दोघे वजनदार असले तर? दोघे मिळून चंद्रशेखर-मर्यादेपलीकडे गेले, तर त्यांच्या मीलनात कार्बन एकदम पेटू शकतो, आणि सारा तारा एका फटक्यात उधळून जातो. या स्फोटाला पहिल्या प्रकारचा ‘अ’ गटातला अतिनवतारा म्हणतात. १५७२ साली टायको ब्राहे यांनी पाहिलेला, दिवसाही दिसणारा नवा तारा याच जातीचा होता.

हे स्फोट साधारण सारख्याच तेजाचे असतात. म्हणून ते मोजपट्टीसारखे वापरता येतात. ठराविक तेजाचा दिवा किती मंद दिसतो, यावरून तो किती दूर आहे हे सांगता येते ना, तसेच. १९९८ साली शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी याच मोजपट्टीने दूरदूरच्या आकाशगंगांची अंतरे काढली, आणि विश्वाचे प्रसरण मंदावण्याऐवजी वाढत्या वेगाने चालले आहे, असा धक्कादायक निष्कर्ष निघाला. २०११ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यासाठीच मिळाले. विश्वाच्या भवितव्याविषयीचा एवढा मोठा निकाल आपण या दिव्यांच्या भरवशावर लावला आहे. परंतु हे दिवे नेमके कसे पेटतात, हे अजून पुरते ठरलेले नाही! एक बटू आणि एक जिवंत तारा अशा जोडीत, ताऱ्याचे द्रव्य ओढता ओढता बटू पेटतो, असा एक पक्ष. दोन बटूंच्या मीलनाने पेटतो, असा दुसरा. १.४ ची मर्यादा गाठण्यापूर्वीच, वरच्या हेलियमच्या थराचा भडका उडून आतला गाभा पेटतो, असेही काही जण दाखवतात. २०११ च्या ऑगस्टमध्ये पालोमारच्या त्याच ४८ इंची दुर्बिणीने सव्वादोन कोटी प्रकाशवर्षांच्या आत असा एक स्फोट अगदी सुरुवातीलाच पकडला. त्या जागेच्या जुन्या छायाचित्रांत तांबडा राक्षसी सोबती कुठेच नव्हता. म्हणजे तिथे तरी दुसऱ्या पक्षाकडे पारडे झुकले.

दुसरा पक्ष खरा असेल, तर एक गोष्ट दाखवता आली पाहिजे: पुरेशा वजनाच्या आणि पुरेशा जवळच्या जोड्या आकाशात खरोखर आहेत का? २०२५ साली अशी एक जोडी जाहीर झाली. ती आपल्यापासून सुमारे दीडशे प्रकाशवर्षांवर, म्हणजे शेजारीच आहे. दोघांचे मिळून वजन सूर्याच्या १.५६ पट, फेरी १४ तासांची. ती फुटणार, पण तिला आणखी सुमारे २३ अब्ज वर्षे लागतील. तेव्हा घाबरायचे कारण नाही; तोवर आपला सूर्यही विझून कितीतरी काळ लोटलेला असेल. पण पुरावा म्हणून तिचे मोल मोठे आहे. एक सापडली म्हणजे आणखी असणार. किती आहेत ते मोजायचे, आणि दर आकाशगंगेत शतकात जेवढे स्फोट दिसतात तेवढ्यांना त्या पुरतात का ते पाहायचे, हे काम आता चालू आहे. त्या मोजणीवर आपल्या मोजपट्टीची भिस्त आहे.

आता पुन्हा एकदा त्या थंडीतल्या व्याधाकडे पाहा. त्याचा तो बटू सोबती त्याच्यापासून बराच लांब आहे; एका प्रदक्षिणेला पन्नास वर्षे घेतो. पुढेमागे व्याधही विझेल, तोही श्वेत बटू होईल, आणि दोन निखारे दुरून एकमेकांना पाहत निवत जातील. त्यांच्या फुगडीला कधी रंग चढणार नाही. ताऱ्याच्या मरणानंतर पुढे काय घडायचे, हे त्याच्या वजनाइतकेच सोबती किती जवळ आहे यावर ठरते. दूर असेल तर नुसते निवणे. जवळ असेल तर रोज वीत वीत सरकत, पाऊल वाढवत, एका दिवशी साऱ्या आकाशगंगेला दिसेल असा उजेड.

आणि हे आपल्याला कळले कशावरून? कंदिलाच्या झोकांडीवरून आणि घड्याळाच्या चुकीवरून. बेसेलने जुनी मोजमापे नीट जपली आणि पुन्हा पाहिली, पालोमारच्या नोंदी कुणीतरी दहा वर्षे जपून ठेवल्या. या मंडळींनी एवढेच केले, की लहानसा फरक दिसला तेव्हा तो चूक म्हणून टाकून दिला नाही; त्याचा हिशेब लागेपर्यंत त्याची पाठ सोडली नाही.